जागा नही शे

भिमाजी गायधनींच्या घरात जागा नाही, ही बातमी सटाण्याला पोचली तेव्हा खुद्द भिमाजीराव हिरावाडीतल्या आपल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटेच शेंगा सोलत बसले होते. त्यातली एक खोली तर चार वर्षांपासून मोकळीच होती. मुलगा रविराज पुण्याला नोकरीला लागल्यापासून तिथं एक कॉट, एक शिवणयंत्र आणि एक कॉम्प्युटर एवढेच तिघं राहत. त्यामुळे फोनवर पुंजाजी शेवाळे "तुमना घर जागा नही शे म्हणे," असं म्हणाले तेव्हा भिमाजीरावांना वाटलं, यांचा कुणी भाचाबिचा शिकायला नाशकात यायचा असेल. त्यांनी मोठ्या मनानं सांगितलं, की जागेचं काय घेऊन बसलात, दोघं आले तरी आरामात मावतील.

"मास्तर," मग पुंजाजी म्हणाले, "पोरगी देवानी नसंल तर नका देऊ. पण चेष्टा करू नका."

आणि फोन ठेवला.

पुंजाजींचा मुलगा दिनेश मस्कतला इंजिनिअर होता. जानेवारीत रजेवर आला तेव्हा भिमाजीरावांच्या तेजस्विनीला बघून गेला होता. मुलगा बरा होता, मुलगी कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होती, पत्रिका दोन्हीकडच्यांनी न बघताच जुळल्या होत्या. सगळं तिथल्या तिथं ठरायचं. पण निरोप देताना भिमाजीरावांनी जिन्यात उभं राहून पुंजाजींच्या हातात आपलं कार्ड ठेवलं. कार्डावर 'सेवानिवृत्त पोस्टमास्तर' असं ठळक आणि त्याखाली ईमेलचा पत्ता. काय असेल ते लेखी कळवा, असं ते म्हणाले. तोंडच्या होकाराला पोहोच नसते, हे त्यांचं मत होतं. पुंजाजींना ते फार आवडलं होतं. माणूस कागदाचा पक्का दिसतो, असं ते गाडीत बसल्यावर म्हणालेही होते म्हणे.

तर त्या कार्डावरच्या पत्त्यावर दिनेशनं होकाराचं पत्र पाठवलं आणि ते परत गेलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा परत. सोबत इंग्रजीत दोन ओळी होत्या. दिनेशनं ते परत आलेले कागद सटाण्याला फॅक्सनं धाडले आणि पुंजाजींनी त्या ओळी तिथल्या एका शाळामास्तरांकडून वाचून घेतल्या. शाळामास्तरांनी अर्थ सांगितला, की त्यांच्याकडे जागा नाही, तुमचं पत्र ते घेऊ शकत नाहीत.

हे सगळं भिमाजीरावांना कळलं ते बायकोमुळं. ललिताबाईंनी मंडईतून आल्या आल्या पिशवी खाली ठेवली आणि सटाण्याला उलट फोन लावून पुंजाजींच्या बायकोशी पाऊण तास बोलल्या. त्यातून त्यांना परत गेलेल्या पत्रांची हकिकत समजली, खानदेशी मसाल्यात दगडफूल किती घालायचं ते समजलं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे येत्या रविवारी शेवाळे मंडळी मालेगावला दुसरी मुलगी बघायला निघाली आहेत, हेही समजलं. पुंजाजी हट्टाला पेटले होते. पोराला हीच मुलगी हवी होती, पण ज्या घरानं दोनदा चिठ्ठी परत लावली त्या घरी आपण तिसऱ्यांदा जाणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

त्या दिवशी मंगळवार होता.

भिमाजीराव कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. पत्र परत गेलं, याचा त्यांना लग्न मोडण्यापेक्षा जास्त धक्का बसला होता, असं ललिताबाई पुढं बरीच वर्षं सांगत. चौतीस वर्षांच्या नोकरीत पत्ता बरोबर असलेलं एकही पाकीट त्यांच्या पोस्टातून परत गेलं नव्हतं. एकदा तर नुसतं 'आबा, गोदाकाठ' एवढ्या पत्त्यावर आलेलं पोस्टकार्ड त्यांनी सायखेड्यापर्यंत आठ आबांना दाखवत नेऊन नवव्याला दिलं होतं. आणि आता त्यांच्या स्वतःच्या नावचं पत्र, तेही पोरीच्या लग्नाचं, परत!

मेलचा प्रोग्रॅम त्यांनी उघडला. आत चारशे बारा पत्रं होती.

ती एकट्या गायधनींची नव्हती, हे सांगायला हवं. बिल्डिंगमध्ये इंटरनेट फक्त त्यांच्याकडे होतं, आणि निवृत्तीनंतर सहा महिने हाताला काही काम नसलेल्या भिमाजीरावांनी आपला पत्ता बाराही बिऱ्हाडांना देऊन टाकला होता. कुणाचा जावई बंगळूरला, कुणाची भाची दुबईला. सगळ्यांची पत्रं इथं येत. भिमाजीराव ती रोज सकाळी उतरवून घेत, संध्याकाळी पाच वाजता शर्ट खोचून जिना चढत आणि घरोघर बटवडा करत. ज्यांना वाचता येत नसे त्यांना वाचून दाखवत. बटवडा झाला तरी मूळ पत्र ते पुसत नसत. दुसऱ्याचं टपाल नष्ट करणं हा गुन्हा आहे, असं त्यांचं म्हणणं. एवढ्यावरही समाधान न होऊन, उतरवलेल्या प्रत्येक पत्राची एक प्रत इंटरनेट कंपनीच्या पेटीतही राहू द्यावी, अशी खूण त्यांनी प्रोग्रॅममध्ये शोधून लावून ठेवली होती. ऑफिस कॉपी म्हणून. त्या चारशे बारांत 'आपली पेटी भरत आली आहे' असं कळवणारी कंपनीची पाच पत्रंही होती. तीही त्यांनी वाचून, तारीखवार, जपून ठेवली होती.

तेजस्विनीनं संध्याकाळी घरी आल्यावर विचारलं, की बाबा, मी बघू का. भिमाजीरावांनी सांगितलं, की बटवड्याच्या टेबलाला बाहेरच्या माणसानं हात लावायचा नसतो. ती बरं म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. या पोरीला लग्नाचं काही आहे की नाही, असा प्रश्न त्यांना पडला.

बुधवारी सकाळी खालच्या मजल्यावरचे कोंडाजी निमसे आले. हे वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झाले होते आणि जगातल्या बहुतेक अडचणी अर्थिंगमुळं येतात, अशी त्यांची श्रद्धा होती. मागं सोसायटीच्या सेक्रेटरीला कावीळ झाली तेव्हाही त्यांनी आधी अर्थिंगच तपासलं होतं. त्यांनी कॉम्प्युटरच्या मागं हात घातला, दोन वायरी हलवल्या आणि सांगितलं, की वायर ठीक आहे, पेटीच भरली आहे. हे अर्थात सगळ्यांना आधीच माहीत होतं. पण तज्ज्ञानं सांगितलं की बरं वाटतं. मग त्यांनी उपाय सुचवला: सगळी पत्रं कागदावर छापून घ्या आणि मग आतली पुसा. म्हणजे टपाल नष्ट झालं असं होणार नाही, नुसतं बाहेर काढलं असं होईल.

भिमाजीरावांना हे कायद्यात बसणारं वाटलं. त्यांनी प्रिंटर चालू केला. पण नेमकी सुरुवात तिसऱ्या मजल्यावरच्या कुसाबाईंच्या टपालानं झाली. कुसाबाईंचा वाल्मीक मालवाहू जहाजावर होता आणि प्रत्येक बंदरातून जहाजाचे फोटो पाठवायचा. फोटोत वर थोडं आभाळ, मध्ये बोटभर जहाज आणि बाकी सगळा समुद्र. रंगीत शाई मुळातच नव्हती, त्यामुळे समुद्र काळा छापला जाऊ लागला. पाचव्या फोटोपर्यंत समुद्रानं सगळी शाई पिऊन टाकली. सहावा फोटो पांढराच आला. ललिताबाईंनी ते कागद नंतर कपाटात साड्यांखाली घातले आणि एका पांढऱ्या साडीच्या काठाला हिंदी महासागर लागला तो कायमचा.

दुपारी भिमाजीराव इंटरनेट कंपनीच्या गंगापूर रोडवरच्या ऑफिसात गेले. काचेमागच्या मुलीनं त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तक्रार फक्त ईमेलनं घेतली जाते, असं सांगितलं. भिमाजीरावांनी सांगितलं, की ईमेलच बंद आहे, हीच तक्रार आहे. ती म्हणाली, की हरकत नाही, दुसऱ्या कुणाच्या पत्त्यावरून पाठवा, तक्रार क्रमांक तुमच्या पत्त्यावर येईल. तुमच्या म्हणजे कुणाच्या, असं भिमाजीरावांनी विचारलं. तुमच्याच, ती म्हणाली, जो भरला आहे तो. मग तो येणार कसा? यावर त्या मुलीनं त्यांच्याकडे जरा दयेनं पाहिलं आणि काका, क्रमांक आल्याशिवाय आम्हाला काही करता येत नाही, असं सांगितलं.

भिमाजीराव चिडले नाहीत. उलट, परतीच्या रिक्षात त्यांच्या मनात आदरच होता. आपल्या खात्यात चौतीस वर्षं राहून आपण पुष्कळ लोकांना पुष्कळ खिडक्यांवर फिरवलं, पण इतका गोल रस्ता आपल्यालाही सुचला नव्हता.

आता पुसण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण ज्याचं टपाल त्याची संमती घेतल्याशिवाय पुसायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. शंभर पानी वही घेतली, 'टपाल नष्ट करण्यास संमती' असं वर लिहिलं, रकाने आखले आणि जिना चढले. लोक एरवी ज्या पत्रांकडे ढुंकून बघत नसत ती एकदम अनमोल ठरली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी, आमच्याच भाचीची पत्रं बरी तुमच्या डोळ्यांवर आली, असं विचारलं. शेजारच्या घरी जावयाच्या पत्राला कचरा म्हटल्याचा गैरसमज झाला आणि चहा आलेला परत आत गेला. 'हा मेल अकरा जणांना पाठवा नाहीतर अनर्थ होईल' अशा मेलांवर तर कुणीच सही करीना. न जाणो.

शेवटी ते कुसाबाईंकडे गेले. म्हातारी गव्हातले खडे काढत होती. तिला त्यांनी समजावून सांगितलं, की वाल्मीकचे फोटो फार मोठे आहेत, सगळी जागा त्यांनीच धरली आहे, तेवढे पुसावे लागतील. कुसाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"भाऊ, मला काय त्या समुद्राचं पडलंय. पण पोरगं कुठल्या गावाला हाय ते मला त्या फोटोवरनंच कळतं ना. पुसलं तं मंग मी त्याला कुठं हाय समजायचं?"

भिमाजीरावांनी वही मिटली. फोटो पुसणार नाही, असं सांगून ते खाली आले आणि रात्री जेवताना त्यांनी भाजीत मीठ नाही ही तक्रारसुद्धा केली नाही, यावरून ललिताबाईंनी काय ते ओळखलं.

तेजस्विनीनंच मग जेवता जेवता सांगितलं, की फोटो पत्रातून काढून कॉम्प्युटरवर वेगळे ठेवता येतात, पत्र गेलं तरी फोटो राहतात. हे तू आधी का नाही सांगितलंस, असं त्यांनी विचारलं. तुम्ही टेबलाला हात लावू देत नव्हता, असं ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी आठला भिमाजीराव अंघोळ करून बसले. आधी वाल्मीकचे सगळे फोटो काढून ठेवले, बंदरांच्या नावांसकट. मग एकेक पत्र उघडायचं, शेवटचं वाचायचं, पुसायचं आणि वहीत 'नष्ट' असं लिहून सही करायची. ज्यांनी संमती दिली नव्हती त्यांच्यापुढं 'जनहितार्थ' असं लिहायचं. दुपारचं जेवण तिथंच झालं. एका जावयाच्या आजारपणाच्या पत्राला, तो दोन वर्षांपूर्वीच बरा झालेला असूनही, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी पाचला इनबॉक्स मोकळा झाला. कोंडाजींनी येऊन हात मिळवला. ललिताबाईंनी सटाण्याला फोन करून विहीणबाईंना सांगितलं, की आता दिनेशला पुन्हा पाठवायला सांगा, इकडं सगळं झाडून घेतलंय.

शुक्रवारी सकाळी सटाण्याहून फोन आला. पत्र तिसऱ्यांदा परत आलं होतं.

या वेळी पुंजाजी फोनवर आलेच नाहीत. विहीणबाई म्हणाल्या, की ते ओट्यावर बसले आहेत आणि मालेगावच्या पाहुण्यांना रविवारी किती वाजता येतो ते कळवा, एवढंच म्हणत आहेत.

भिमाजीराव खुर्चीवर बसले ते बसलेच. तेजस्विनी कॉलेजला निघाली होती, ती पर्स ठेवून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं स्क्रीनवर एका फोल्डरकडं बोट दाखवलं. काल पुसलेली चारशे बारा पत्रं तिथं सुखरूप होती. पुसलेलं पत्र आधी इथं येतं, ती म्हणाली. म्हणजे घरातली रद्दी माळ्यावर टाकल्यासारखं, घराबाहेर गेलेलं नाही. आणि कंपनीच्या पेटीतली प्रत इथून गेल्याशिवाय तिथून जात नाही, कारण ती ऑफिस कॉपी ठेवा असं तुम्हीच सांगून ठेवलंय.

"म्हणजे आपल्या घराचा रस्ता मीच अडवला," भिमाजीराव म्हणाले.

"हे फोल्डर रिकामं करायचं. एक बटण आहे. मी दाबू?"

"नको. माझी सही लागेल."

बटण दाबल्यावर प्रोग्रॅमनं विचारलं, की ही पत्रं कायमची नष्ट होतील, आपली खात्री आहे का. भिमाजीरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. खात्री अजिबात नव्हती. मग त्यांनी कुणीतरी ढकलल्यासारखं 'हो' केलं. एक पट्टी डावीकडून उजवीकडं सरकत गेली आणि दोन वर्षांचं टपाल, कुणाच्या बारशासकट आणि कुणाच्या दहाव्यासकट, मिनिटभरात गेलं. त्यांनी वहीत तारीख घातली. मग फोनची लाईन जोडली, मोडेमनं नेहमीसारखा गळा काढला आणि कंपनीची पेटी मोकळी झाली.

मोकळ्या पेटीत पहिलं पत्र आलं ते वाल्मीकचं. सुएझ कालवा, नऊ फोटो. ते उतरायला चाळीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद राहिला. फोटो संपल्यावर भिमाजीराव उठले आणि उद्या सकाळची सटाण्याची गाडी किती वाजता आहे ते ललिताबाईंना विचारलं. आता पुन्हा पाठवा म्हणायला तोंड नव्हतं. या पत्राचं उत्तर हातानंच द्यायला हवं होतं.

शनिवारी ते देवळ्यावरून सटाण्याला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. पुंजाजींचा मळा गावाच्या अलीकडं, डाळिंबांत. पुंजाजींनी ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. सतरंजी मात्र टाकली नाही. मग आत जाऊन तीन कागद आणले आणि बाजेवर एकाखाली एक मांडले. तिन्ही पत्रं, तिन्ही परत आलेली.

भिमाजीराव त्यांच्याकडं बघत राहिले. बसमध्ये त्यांनी बरीच वाक्यं जुळवली होती. 'तांत्रिक बिघाड' हे एक होतं, 'कंपनीचा हलगर्जीपणा' हे दुसरं. ती त्यांच्या तोंडातून निघेनात. बिघाड कुठंच नव्हता. त्यांनी सरळ सांगून टाकलं, की पेटी माझी, ती मी भरू दिली. पुंजाजींनी विचारलं, की असं काय भरलं होतं तिच्यात, की माझ्या पोराची चिठ्ठी मावली नाही?

भिमाजीरावांनी एकेक सांगितलं. बारा बिऱ्हाडांचे जावई, भाच्या, कुसाबाईंचा पोरगा, त्याचं जहाज, अकरा जणांना पाठवायची पत्रं, पेटी भरल्याची पत्रं. काळ्या समुद्राचंही सांगितलं. वहीही सोबत आणली होती, ती दाखवली. पुंजाजींनी वही उलटीपालटी केली, 'जनहितार्थ' वर बोट ठेवून ते काय म्हणून विचारलं, आणि भिमाजीरावांनी खरं ते सांगितल्यावर त्यांच्या मिशा हलल्या.

"दिनेशनी माय," त्यांनी आत हाक मारली, "सतरंजी आन." मग भिमाजीरावांकडं वळून म्हणाले, "मास्तर, ज्या माणूसले लोकंसनी रद्दी फेकवस नही, तो मना पोऱ्यानी चिठ्ठी मुद्दाम कशी फेकी? मनंच चुकनं. बसा नीट."

जेवायला वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा होता. डोळ्यांत पाणी आलं ते ठेच्याचं की आणखी कशाचं, याची चौकशी कुणी केली नाही. जेवता जेवता पुंजाजींनी मालेगावला येत नसल्याचं कळवायला माणूस पाठवला आणि साखरपुड्याच्या दोन तारखा काढल्या. भिमाजीरावांनी, मुलीला एकदा विचारून घेतो, असं रीतसर सांगितलं. पुंजाजींनाही ते योग्य वाटलं. त्यांनी घरातला फोन पुढं सरकवला आणि आपण अदबीनं दोन हात लांब जाऊन बसले.

फोन तेजस्विनीनंच घेतला. भिमाजीरावांनी हलक्या आवाजात सांगितलं, की इकडचे लोक पुन्हा तयार झाले आहेत, मुलगा तयार आहेच, आता तुझं मत काय ते विचार करून सांग, घाई नाही.

"बाबा, मी दिनेशला होकार फेब्रुवारीतच कळवलाय," ती म्हणाली. "आम्ही रोज लिहितो एकमेकांना. फक्त त्याच्या वडिलांना तुमचं उत्तर हवं होतं."

भिमाजीरावांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, की कुठल्या पत्त्यावरून.

"माझा वेगळा आहे. कॉलेजात उघडलाय. तुमच्याकडं जागा कुठं होती?"

दोन महिने. रोज. हिरावाडी ते मस्कत, पोस्टमास्तरच्या नाकाखालून. ना त्यांचा शिक्का, ना त्यांच्या हातचा बटवडा. भिमाजीरावांनी रिसीव्हर घट्ट कानाला धरून ठेवला. ओट्यावर पुंजाजी मान तिरकी करून, श्वास रोखून बसले होते. त्यांच्या मांडीवर पंचांग उघडं होतं, आणि तीन परत आलेली पत्रं त्यांनी खूण म्हणून त्यात घातली होती. या माणसानं चार दिवस अन्न गोड मानलं नव्हतं. आपण सकाळची गाडी धरून आलो होतो. दोन म्हातारी माणसं एका ठरून गेलेल्या गोष्टीसाठी जिवाचं रान करत होती.

भिमाजीरावांनी फोन ठेवला आणि घसा साफ केला.

"काय म्हणे पोरगी?" पुंजाजींनी विचारलं.

"विचार करते म्हणाली," भिमाजीराव म्हणाले. "दोन दिवसांत कळवते."

पुंजाजींनी गंभीरपणे मान हलवली.

"करू द्या, करू द्या," ते म्हणाले. "पोरीनी जात शे. तिले घाई करानी नही."